पंख किती उलगडावा?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी घरी आला आणि पायरीवर चपला काढता काढताच म्हणाला, "सर, विमान सुटताना फ्लॅप किती ठेवायचा?" मी गणिताचा अध्यापक. विमानात उतारू म्हणून चारदोनदा बसलो असेन. त्यापलीकडे माझा नि विमानाचा संबंध नाही. पण त्याचे बोलणे ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आले की प्रश्न मुळात गणिताचाच आहे, आणि तोही हिशेब चुकला तर माणसे मरतात अशा जातीच्या गणिताचा. म्हणून तो आज तुमच्यापुढे मांडतो.

मुलगा शेतकऱ्याचा. घरच्या संगणकावर तो बोइंग ७४७-४०० चालवितो. म्हणजे त्या विमानाची नक्कल चालवितो. तिला सिम्युलेटर म्हणतात. त्याला 'खेळ' म्हटलेले त्याला आवडत नाही. झाले होते असे की, त्याने विमानात भरपूर वजन भरले, उन्हाळ्याचा दिवस निवडला, आणि जितका फ्लॅप निघतो तितका सगळा काढला. "पंख मोठा तर उचल मोठी, असं मला वाटलं," तो म्हणाला. विमान झटकन उचलले खरे. मग सरावासाठी म्हणून याने चारांपैकी एक इंजिन बंद केले. झाले! विमान वर जाईना, वेगही धरीना, आणि पट्टी संपल्यावर थोड्या अंतरावर जमिनीला लागले. "आणि सर, त्याआधी एक भोंगा वाजत होता. कटकट होते म्हणून मी आवाजच बंद केला होता." या भोंग्याची आठवण ठेवा. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

सिम्युलेटर ही काही अलीकडची चैन नव्हे. अमेरिकेतील एडविन लिंक याने १९२९ च्या सुमारास पहिले नावाजलेले शिकाऊ यंत्र तयार केले. त्याच्या वडिलांचा वाद्ये बनविण्याचा कारखाना होता. आपल्या पेटीला असतो तसल्या भात्यांवर त्याने एक लाकडी विमान बसविले, आणि भात्यात हवा भरून ते डावीउजवीकडे, वरखाली झुकेल अशी योजना केली. आज मोठ्या कंपन्यांकडे जी सिम्युलेटरे असतात ती सहा पायांवर उभी असलेली एक खोलीच असते. आत खऱ्या विमानाचा हुबेहूब चालककक्ष. तिच्यातील शिक्षण इतके पक्के मानले जाते की, अनुभवी वैमानिक नव्या जातीचे विमान पुष्कळदा तेथेच शिकतो आणि त्या जातीच्या खऱ्या विमानात प्रथम बसतो तो उतारू घेऊनच. घरगुती संगणकावरची नक्कल ही या खोलीची धाकटी बहीण. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ती १९८२ साली बाजारात आणली, आणि तेव्हापासून ती सुधारत आली आहे. खोली हलत नाही, पण हिशेब तोच.

आता फ्लॅप म्हणजे काय ते पाहू. एस.टी.च्या खिडकीतून हात बाहेर काढू नये, हे मलाही मान्य आहे; तरी लहानपणी आपण सर्वांनी तो काढलेला असतो. तळहात सपाट धरला तर वारा त्याला नुसता मागे ढकलतो. पुढची कड किंचित उचलली की हात वर उचलला जातो. आणि बोटे जरा खाली वाकवून पंजाची ओंजळ केली की तोच वारा हात अधिक जोराने उचलतो. पण त्याबरोबर मागेही अधिक ढकलतो. विमानाचा पंख म्हणजे हा हात. त्याच्या मागच्या कडेला जी हलती पाती असतात, जी मागे सरकून खाली वाकतात, ते फ्लॅप. पुढच्या कडेलाही तशीच पाती असतात. ती पुढे उघडली की पंख अधिक कोनात उचलला तरी वरची हवा पंखाला चिकटून वाहते, सुटत नाही. बगळा किंवा घार खाली उतरताना पंख कशी पसरते आणि वाकविते हे तुम्ही शेताच्या बांधावरून शेकडो वेळा पाहिले असेल. मंद वेगात अंग तोलून धरावयाचे तर पंख पसरावा लागतो. वर भरवेगात गेल्यावर तो आखडून घ्यावा लागतो. विमान वेगळे काही करीत नाही.

७४७ चा पंख केवढा, याची कल्पना यावी म्हणून सांगतो. त्याचे क्षेत्रफळ पाचशे चौरस मीटरांहून अधिक, म्हणजे जवळपास पाच गुंठे. आपल्याकडे पुष्कळांचे घर आणि परसू मिळून एवढी जागा होत नाही. आणि या पाच गुंठ्यांवर जास्तीत जास्त वजन तोलले जाते ते सुमारे ३९७ टन. दहा दहा टनांच्या चाळीस मालमोटारींत मावेल इतका ऊस समजा. एवढे वजन हवेत न्यायला जड भारात ताशी तीनशे किलोमीटरांच्या आसपास वेग लागतो. एअर इंडियाने ही विमाने १९७१ पासून वापरली. त्यांतले शेवटचे २०२४ च्या एप्रिलमध्ये मुंबईहून निघून गेले. बोइंग कंपनीने या जातीचे अखेरचे विमान २०२३ च्या जानेवारीत ग्राहकाच्या हवाली केले. संगणकावर मात्र ते रोज हजारो घरांतून उडते.

त्याच्या फ्लॅपच्या दांड्याला खाचा असतात: १, ५, १०, २०, २५ आणि ३०. यांतल्या सुटण्यासाठी दोनच, १० आणि २०. उतरण्यासाठी २५ आणि ३०. आमच्या विद्यार्थ्याने ३० वर सुटण्याचा प्रयत्न केला होता. ही चूक का झाली हे कळले की सगळा विषय कळला.

उचल ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर उचल चौपट. आता फ्लॅपमुळे पंखाची ताकद वाढली आणि त्यामुळे विमान १०० ऐवजी ९० च्या वेगाला उचलले गेले, असे समजा. फरक फक्त दहाचा. परंतु धावपट्टीवरची धाव हीही वेगाच्या वर्गाप्रमाणे लागते. १०० चा वर्ग १०,०००, ९० चा ८,१००. म्हणजे वेग दहा टक्क्यांनी उतरला की धाव जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी उतरते. तीन किलोमीटर लागत होते, तेथे अडीचाच्या आत काम झाले. शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर द्यावे. वर्गाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या मुलांना ते पटते.

एवढेच ऐकले तर कोणीही म्हणेल, मग काढा सगळा फ्लॅप! इथेच नांगराची गोष्ट येते. नांगर खोल घातला की जमीन छान उलथते, पण बैलांना ओढही तशीच पडते. बैल जोमदार असतील तोवर खोल नांगर परवडतो. त्यांतला एक बसला, की तोच नांगर जागचा हलत नाही. फ्लॅपचे असेच आहे. पहिल्या काही अंशांत उचल पुष्कळ मिळते, रोध थोडा वाढतो. पुढे पुढे उचल थोडीथोडीच वाढते आणि रोध मात्र भराभर चढत जातो. २५ आणि ३० या खाचा उतरण्यासाठी ठेवल्या त्या याचसाठी. उतरताना रोध हवाच असतो. सुटताना तो नको असतो.

आणि विमानशास्त्राचा सगळा कायदा 'एक बैल बसला तर' याच गृहीतावर उभा आहे. सुटताना प्रत्येक वेळी असे धरून चालावयाचे की, नेमक्या वाईट क्षणी एक इंजिन बंद पडणार आहे. त्यासाठी एक वेग आधीच ठरवून ठेवतात. त्याला निर्णयाचा वेग म्हणू. त्याच्या आत इंजिन गेले तर थांबावयाचे, आणि उरलेल्या पट्टीत थांबता आले पाहिजे. त्याच्यापुढे गेले तर थांबावयाचे नाही. उरलेल्या इंजिनांवर उडावयाचे. उडाल्यावर, चाके आत घेतल्यानंतर, विमानाने ठराविक चढ चढलाच पाहिजे. चार इंजिनांच्या विमानाला शंभरास तीन, दोन इंजिनांच्या विमानाला शंभरास २.४. हा चढ किती? कर्जत-लोणावळ्याच्या दरम्यान बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे. शंभरास सुमारे २.७ झाला, म्हणजे बरोबर या दोहोंच्या मधला. तेथे गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. विमानाला आहे त्यातले एक गमावून तो चढ चढावयाचा असतो.

तेव्हा वैमानिकापुढे दोन सावकार उभे असतात. एक धावपट्टी, ती म्हणते फ्लॅप जास्त घे आणि मला लवकर सोड. दुसरा चढ, तो म्हणतो फ्लॅप कमी घे, मला रोध नको. पट्टी आखूड आणि पुढे मोकळे माळरान असेल तर पहिल्याचे ऐकावे, २० घ्यावा. पट्टी लांबलचक, पण पुढे डोंगर असेल किंवा हवा विरळ असेल, तर दुसऱ्याचे, १० घ्यावा.

हवा विरळ, असे मी म्हटले. इथे आमच्या विद्यार्थ्याची, आणि खरे सांगायचे तर प्रथम माझीही, फसगत झाली होती. नागपूरचे उदाहरण घ्या. मे महिन्यात दुपारी ४५ अंश उष्णता असते. १५ अंशांच्या हवेच्या मानाने ही हवा सुमारे नऊ टक्क्यांनी विरळ. पंखाला धरायला हवा कमी, इंजिनांना श्वास घ्यायलाही हवा कमी. सामान्य माणूस म्हणेल, उचल कमी पडते ना, मग फ्लॅप वाढवा. परंतु उन्हाने इंजिनांचेच बळ कमी झालेले असते, बैल आधीच दमलेले असतात. अशा वेळी खोल नांगर घालणे म्हणजे चढ गमावणे. पट्टी पुरत असेल तर फ्लॅप कमी करून, धाव लांबवून, जास्त वेग घेऊन उडणे बरे. दोन्ही सावकार एकदम भागत नसतील तर तिसरा उपाय एकच, वजन उतरविणे. उतारू किंवा सामान मागे ठेवावे, नाहीतर इंधन कमी घेऊन वाटेत उतरावे.

कमी फ्लॅपचा एक तोटाही सांगून टाकतो. पंख कमी वाकविला की विमानाला नाक अधिक उचलून उडावे लागते, आणि लांब विमानाची शेपटी पट्टीला घासण्याचा धोका वाढतो.

इतर विमानांचे आकडे वेगळे. बोइंग ७७७ ला सुटताना ५, १५ किंवा २०. लहानग्या ७३७ ला बहुधा ५. एअरबसच्या दांड्यावर अंशच लिहिलेले नसतात. तेथे १, २, ३ असे टप्पे असतात आणि त्या तिन्हींवर सुटता येते. म्हणून एका विमानाचा आकडा दुसऱ्याला लावू नये. आमच्या विद्यार्थ्याच्या वहीत कोणा मित्राने सांगितलेला '५' लिहिलेला होता. तो ७३७ चा होता!

पूर्वी हा सगळा हिशेब जाडजूड कोष्टकांतून करीत. पट्टीची लांबी, उंची, उष्णता, वारा, पट्टी कोरडी की ओली, पुढचे अडथळे, विमानाचे वजन. प्रत्येकाची ओळ आणि रकाना पाहावयाचा. आज हातातल्या पाटीएवढ्या संगणकात आकडे भरले की तो दोन्ही फ्लॅपांची उत्तरे शेजारी शेजारी दाखवितो. घरगुती सिम्युलेटरच्या चांगल्या विमानांबरोबरही असे कोष्टक मिळते. पण त्यात भरलेला आकडा चुकला तर यंत्र काय करील? मेलबर्न येथे २० मार्च २००९ रोजी एमिरेट्सच्या ए-३४० विमानात ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन असे वजन भरले गेले. एका अंकाची चूक, शंभर टनांची तफावत. यंत्राने बिनचूक हिशेब करून चुकीचे वेग आणि चुकीची ताकद सांगितली. विमान पट्टीच्या टोकापर्यंत रखडले, शेपटी घासली, आणि कसेबसे उडाले. प्राणहानी झाली नाही. उत्तर काढल्यावर ते पटण्यासारखे आहे का हे पाहा, असे आम्ही मुलांना सांगतो, ते आता मी हे उदाहरण देऊन सांगतो.

आता त्या भोंग्याकडे येऊ. सुटण्यासाठी इंजिनाचा जोर वाढविला आणि फ्लॅप योग्य खाचेत नसला, तर चालककक्षात गजर होतो. डेट्रॉइट येथे १६ ऑगस्ट १९८७ रोजी नॉर्थवेस्ट कंपनीचे एमडी-८२ विमान फ्लॅप न काढताच सुटले. वैमानिकांनी सुटण्यापूर्वीची तपासयादी वाचली नव्हती, आणि गजराच्या यंत्रणेला वीजच पोचत नव्हती. तो वाजला नाही. १५६ माणसे गेली. विमानातले फक्त एक चार वर्षांचे मूल वाचले. एकवीस वर्षांनी, २० ऑगस्ट २००८ रोजी, माद्रिदला स्पॅनएअर कंपनीचे त्याच जातीचे विमान त्याच कारणाने पडले, १५४ मृत्यू. तेथेही गजर वाजला नव्हता.

खुद्द ७४७ चा पहिला प्राणघातक अपघात याच घराण्यातला आहे. २० नोव्हेंबर १९७४ रोजी नैरोबीहून लुफ्तान्झाचे विमान सुटले. नैरोबी सुमारे १,६०० मीटर उंचीवर, म्हणजे हवा आधीच विरळ. मागचे फ्लॅप बाहेर होते. परंतु पुढच्या कडेची पाती हवेच्या दाबाने उघडणारी, आणि त्या हवेच्या झडपा बंद राहिल्या होत्या. पंखाची मागची बाजू तयार, पुढची मिटलेली. १५७ पैकी ५९ जण मरण पावले. यानंतर, झडपा बंद असल्या तर सुटण्याआधीच समजावे, अशी योजना कंपनीने विमानात केली. दांडा खाचेत आहे म्हणजे पाते बाहेर आहे असे नव्हे. दर्शकावर पाहून खात्री करावी लागते. हे ऐकल्यापासून आमचा विद्यार्थी दांडा ओढल्यावर दर्शकावर बोट ठेवतो. आवाजही चालू ठेवतो.

या विषयाची मला स्वतःला एक चपराक बसलेली आहे, तीही सांगितली पाहिजे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे बोइंग ७८७ सुटल्यावर काही क्षणांतच कोसळले आणि विमानातले व जमिनीवरचे मिळून २६० लोक गेले. त्या संध्याकाळी कट्ट्यावर चारजणांनी मला विचारले. मी नुकताच हा अभ्यास केलेला. दूरचित्रवाणीवरची चित्रे पाहून मी ठासून म्हणालो, "फ्लॅप राहिला असणार." महिन्याभराने तपासाचा प्राथमिक अहवाल आला. अवशेषांत फ्लॅपचा दांडा ५ च्या खाचेत पक्का बसलेला सापडला होता. त्या विमानाला सुटताना नेहमी लागतो तोच आकडा. आणि सुटल्यावर लगेच दोन्ही इंजिनांना इंधन देणारे खटके बंदच्या बाजूला गेल्याची नोंद यंत्रात होती. मी कट्ट्यावर जाऊन माझे म्हणणे परत घेतले. चौघांपैकी दोघे त्या दिवशी आले नव्हते. त्यांच्या घरी जाऊन सांगितले.

असो. नागपूरचा प्रयोग आम्ही शेवटी एका रविवारी केला. ४५ अंश उष्णता, ३,२०० मीटरांची पट्टी. कोष्टकाने पहिल्याच फटक्यात सांगितले की पूर्ण वजनाने येथून सुटणे बसत नाही. वजन उतरविले. एकदा २० ठेवून आणि एकदा १० ठेवून तेच विमान, त्याच वजनाने, निर्णयाच्या वेगानंतर एक इंजिन बंद करून उडविले. २० वर चाके लवकर सुटली, पण पुढे चढ मंद; मुलगा खुर्चीत पुढे सरकून विमान जणू हातांनी उचलत होता. १० वर पट्टी भीती वाटावी इतकी संपत आली, मग मात्र विमान चढ धरून सरळ वर गेले. वहीत त्याने दोन्ही आकडे लिहिले, आणि '५' खोडला.

ज्या शाळेत संगणक नाही तेथेही यातला निम्मा भाग दाखविता येतो. वीतभर लांबीचा पुठ्ठा घ्या, किंचित वाकवून तारेच्या दोन पायांवर मातीच्या गोळ्यात उभा करा, आणि ते सगळे स्वयंपाकघरातल्या किंवा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. समोरून टेबलपंख्याचा वारा सोडला की वजन उतरेल, तेवढी उचल. मागची कड थोडी खाली दुमडा, वजन आणखी उतरेल. खूप दुमडून पाहा. नंतर तोच पुठ्ठा दोन दोऱ्यांनी टांगून प्रत्येक वेळी किती मागे झुकतो ते मोजा, तो रोध. दोन्ही आकडे मुलांकडून फळ्यावर शेजारी शेजारी मांडून घ्या. काट्याच्या तव्यावर वारा लागला की आकडे नाचतात, म्हणून त्याच्यापुढे एखादे जाड पुस्तक उभे करावे, आणि दर खेपेस पंखा बंद करून काटा शून्यावर आणून घ्यावा.